भिंगरीचं झोपतानाचं दूध

४ मार्च

आबा, नमस्कार.

काल संध्याकाळी पोचले. शेवटचे तीन तास ट्रकमध्ये सिमेंटच्या गोण्यांना टेकून काढले, त्यामुळे अंगावर जे बसलंय ते पाणी लागलं असतं तर घट्ट झालं असतं. बोगद्याच्या तोंडापासून दोनशे पावलांवर आमच्या पत्र्याच्या खोल्या. माझ्या खोलीत मी आणि इथलं कोठार सांभाळणाऱ्या बाई. त्या घोरतात, पण स्वभावाने चांगल्या आहेत. डोंगराआड मोबाइल लागत नाही. ऑफिसात एक फोन आहे, तो कामापुरता. रसदीचा ट्रक आठवड्यातून एकदा खाली जातो, तोच टपाल नेतो आणि आणतो. तेव्हा पुढचे पाच महिने आपलं सासरे-सुनेचं बोलणं कागदावर.

तुम्ही हसाल, पण तुमच्या नातीच्या झोपेचं पुन्हा एकदा लिहून देते. तुमचे चिरंजीव साडेसातला बेकरीत रात्रपाळीला गेले की घरात तुम्ही दोघंच, म्हणून हे तुम्हालाच सांगायला हवं. साडेआठला दूध, बाटलीवरच्या सहाव्या रेघेपर्यंत. मनगटावर थेंब टाकून कोमट आहे का बघायचं. साखर एक चमचा. बाटली तिच्या हातात द्यायची, तिला आडवं करायचं, कपाळावरून हात फिरवायचा. दूध संपायच्या आत डोळे मिटतात. बाटली काढायची घाई करू नका, जागी होते.

भिंगरी वर्षाची झाली आणि मी पुन्हा मोजणीच्या कामावर जायला लागले, तेव्हा अंगावरचं दूध तोडलं. तेव्हापासून ही बाटली म्हणजे माझ्या जागेवरचा बदली कामगार आहे. त्याची एकही रजा मंजूर करू नका.

तुमची सूनबाई


११ मार्च

सूनबाई,

पत्र पोचलं. तुझा बदली कामगार रोज साडेआठला हजर असतो, उलट मीच दोनदा पाच मिनिटं उशिरा आलो आणि नातीची बोलणी खाल्ली.

दुकान घरातल्या पुढच्याच खोलीत असल्याचा एक फायदा, दिवसभर ती डोळ्यांसमोर असते. कापायच्या टेबलाखाली तिने चिंध्यांचं घर थाटलंय. परवा मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाला बाही लावत होतो. मी सुई ओवेपर्यंत आपल्या छोट्या बाईसाहेबांनी खडूने कोटाच्या पाठीवर चार गोल काढले. म्हणे, "चाकं." मुख्याध्यापिका नेमक्या तेव्हाच आल्या. मी म्हटलं, मापाच्या खुणा आहेत. त्या म्हणाल्या, "एवढ्या?"

खाते-पिते, खेळते. तुझी आठवणही फारशी काढत नाही, तेव्हा तू निर्धास्त राहा आणि आपलं काम कर. डोंगराला दोन्हीकडून भोक पाडून मधे गाठ घालायची म्हणजे चेष्टा नाही. मला तर पँटच्या दोन शिवणी जुळवताना घाम फुटतो.

आबा


२० मार्च

आबा, नमस्कार.

ती आठवण काढत नाही हे वाचून बरं वाटलं.

इथे आता दिवसाला सहा-सात फूट आत सरकतोय. रोज सकाळी सुरुंगाचा धूर बसला की मी यंत्र घेऊन आत जाते आणि भिंतीवरच्या खुणा तपासते. पलीकडच्या तोंडाकडूनही असंच काम चाललंय. माझी मोजणी बोटभर चुकली तरी पुढे ती हातभर होते. मुख्य इंजिनिअर फारसं बोलत नाहीत, पण काल माझी वही बघून म्हणाले, "बाई, तुम्ही झोपता तरी का?" हे कौतुक समजायचं, असं कोठारवाल्या बाई म्हणाल्या.

एक विनंती आहे. दूध देताना तिला "हे आईनं दिलंय" असं सांगत जा. रोज. मी मागच्या बाजूच्या खोलीत असल्यासारखं सांगा हवं तर. मला माहीत आहे, हा वेडेपणा आहे. पण दोन वर्षांच्या पोरीच्या डोक्यात पाच महिने किती लांब असतात ते मला मोजता येत नाही. दिवसातून एकदा तरी माझ्या नावाचं काही तिच्या हातात पडू दे.

तुमची सूनबाई


१८ एप्रिल

सूनबाई,

पत्राला उशीर झाला. शाळेच्या गणवेशांचं काम आलं, चाळीस सदरे आणि तेवढ्याच चड्ड्या. मधेच मशीनचा पट्टा तुटला. नवा आणला तो सैल निघाला, पुन्हा बदलून आणला. हवा गरम आहे. समोरच्या चष्मेवाल्याने दुकानाला नवा रंग दिला, हिरवा. मला आवडला नाही, पण त्याने विचारलं तेव्हा बरा आहे म्हटलं.

भिंगरी ठीक आहे. दुधाचं व्यवस्थित चाललंय.

तू जेवणाची हेळसांड करू नकोस.

आबा


२७ एप्रिल

आबा,

तुमचं पत्र आणि तुमच्या चिरंजीवांचं कार्ड एकाच ट्रकने आलं. ते कधी लिहीत नाहीत, म्हणून आधी त्यांचं वाचलं. एकूण तीन ओळी. "भिंगरीचा दात काढला तिथली जखम भरली. रात्रीचं रडणंही थांबलं. आता काळजी नसावी."

आता काळजी नसावी! म्हणजे आधी होती, ती कोणी केली? दात का काढला? पडली का ती? आणि रात्रीचं कसलं रडणं? दूध घेऊन झोपणारी पोर रडेल कशाला?

मग तुमचं पत्र उघडलं. त्यात चड्ड्या आहेत, पट्टा आहे, चष्मेवाल्याचा हिरवा रंग आहे. माझी मुलगी अर्ध्या ओळीत. "दुधाचं व्यवस्थित चाललंय" हे वाक्य मी दहा वेळा वाचलं. तुम्ही खोटं बोलायला लागलात की फार व्यवस्थित बोलता, आबा. लग्न होऊन सात वर्षं झाली, एवढं कळतं मला.

तुम्ही ते दूध बंद केलंत. हो ना?

एकच गोष्ट तुमच्यावर सोपवली होती. बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा म्हटलं असतं. ती एकच गोष्ट माझी होती.

रागात लिहितेय. कोठारवाल्या बाई म्हणतात उद्या पाठव. ट्रक आज जातोय.


४ मे

सूनबाई,

तुझा राग पोचला. तो योग्यच आहे, त्यामुळे उलट उत्तर देत नाही. झालं तसं सांगतो.

मार्च संपायच्या सुमारास एका सकाळी तिने पावाचा कडक तुकडा चावला आणि किंचाळली. तोंड उघडून बघितलं तर वरच्या पुढच्या चार दातांच्या मुळाशी तपकिरी कड. एका दाताचा तर टवकाच उडाला होता. मला वाटलं होतं, केळं खाल्ल्याचा डाग असेल. चार दिवस तो डाग बघत होतो मी, आणि केळंच समजत होतो. कपड्यावरचा डाग मला लांबून कळतो बघ.

तशीच उचलून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आरशाने बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "झोपताना बाटली?" मी हो म्हटलं. "साखर घालून? बाटली तोंडात ठेवूनच झोपते?" पुन्हा हो. "कोण देतं?" मी म्हटलं, "मीच." त्यांनी सांगितलं की गोड दूध रात्रभर दातांवर राहतं आणि दात खातं. एका दाताला आतून पू झाला होता. तो काढावा लागला. मांडीवर मीच घेऊन बसलो होतो. त्याचं अधिक लिहीत नाही. बाकीचे तीन सध्या वाचलेत, पण झोपताना बाटली बंद करायची, असं त्यांनी बजावलं.

तुला सांगितलं नाही, कारण तू तिथे एकटी. आणि दुसरं म्हणजे, चूक माझी आहे. पहिल्या आठवड्यात तिला चैन पडेना, म्हणून मी साखर एकाच्या जागी दोन चमचे घालत होतो. तुझ्या एका चमच्याने काही झालं नसतं. हे डोक्यातून काढून टाक.

बाटली एकदम तोडवली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधात पाणी वाढवत न्या. मला ते पटलं. शिवण उसवायची तर एकेक टाका उसवावा, ओढलं की कापड फाटतं. आधी साखर काढली. मग दोन-दोन दिवसांनी एकेक रेघ पाणी. तीन रेघा पाणी होईपर्यंत बाईसाहेबांना पत्ता नाही. चौथ्या रेघेला घोट घेतला, बाटली डोळ्यांपुढे धरली, हलवली आणि गंभीरपणे मला म्हणाली, "आबा, दूध आजारी आहे." तिने बाटलीवर पांघरूण घातलं आणि कुशीवर वळली. त्या रात्री हसू दाबताना पोट दुखलं माझं.

पुढे हसण्यासारखं नव्हतं. नुसतं पाणी झालं तेव्हा तिने बाटली फेकली. आता संध्याकाळी सातला, जेवणाबरोबर, पेल्यातून दूध. मग दात घासायचे. मग अंथरूण. पहिल्या रात्री पाऊण तास रडली. दुसऱ्या रात्री त्याहून जास्त. तिसऱ्या रात्री माझा धीर सुटला. उठलो, दूध तापवलं, सहाव्या रेघेपर्यंत ओतलं, दोन चमचे साखर घातली. बाटली घेऊन दारापर्यंत गेलो आणि तिथे उभं राहून तिचं रडणं नीट ऐकलं.

सूनबाई, ती दूध मागत नव्हती. ती "आई" म्हणत होती.

म्हणजे बघ, एवढे दिवस मी तुला लिहीत होतो की आठवण काढत नाही. काढणार कशी? ओठ उघडायच्या आत मी तोंडात बाटली देत होतो. "हे आईनं दिलंय" असं वर सांगत होतो आणि त्याच दुधाने तिचं तुला हाक मारणं बंद करत होतो. मी आणि ती बाटली, आम्ही दोघं तिला झोपवत होतो खरे, पण गप्प करून.

ते दूध मी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच प्यालो. इतकं गोड होतं की घशाखाली उतरेना.

तेव्हापासून ती झोपताना तुझं सगळं विचारते. आई कुठे, आई जेवली का, आईच्या डोंगरात काळोख आहे का. काळोख आहे म्हटलं तर विचारते, मग आई रडते का. परवा दिवसभर माझी टेप घेऊन भिंती मोजत होती. मशीन मोजलं, मांजर मोजलं. विचारलं, काय करतेस, तर म्हणे, "आई करते ते."

हे आधीच लिहायला हवं होतं. धीर झाला नाही.

आबा


१३ मे

आबा,

माझं मागचं पत्र आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. मला माफ करा.

पण तुम्हीही अजून पूर्ण खरं बोललेला नाहीत. पू होण्याइतका दात तीन आठवड्यांत किडत नाही. इथे आमच्या वैद्यकीय खोलीत एक डॉक्टर आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, असा दात किडायला बरेच महिने लागतात. ती बाटली तोंडात ठेवून वर्षाहून जास्त झोपते, आणि साखर मी सुरू केली. तुम्ही माझ्यावर पांघरूण घालताय. डॉक्टरीणबाईंनी तुम्हालाही हेच सांगितलं असणार, आणि तरी तुम्ही "मीच" म्हणालात.

साखर का घालायला लागले, तेही सांगते. ऑफिसातून घरी यायला मला आठ वाजायचे. ती मला बघून नाचायची, खेळायचं म्हणायची, आणि माझ्या पायात उभं राहण्याचंही त्राण नसायचं. गोड दूध दिलं की पंधरा मिनिटांत झोपायची. मग मी पंधरा मिनिटं नुसती भिंतीकडे बघत बसायचे. हे मी तुमच्या चिरंजीवांनाही कधी सांगितलेलं नाही.

आणखी एक लपवलंय. गेल्या महिन्यात मुख्य इंजिनिअरांनी विचारलं, काम लांबतंय, दोन्हीकडचं खोदकाम जुळेपर्यंत थांबता का? म्हणजे जुलैऐवजी ऑक्टोबरअखेर. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मनाशी म्हटलं, पोर शांत झोपते, आठवण काढत नाही, आणखी तीन महिन्यांनी तिचं काय बिघडणार? ते तुमचं वाक्य मला लागलं होतं आणि त्याच वाक्याचा मी आधारही घेत होते. आता सहीचा कागद उशीखाली आहे आणि मला काही सुचत नाही. काम सोडवत नाही. आणि तिकडे ती विचारतेय, आई रडते का.

तिला सांगा, कधीकधी रडते. मग तोंड धुऊन मोजायला जाते.

तुमची सूनबाई


२० मे

सूनबाई,

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्यांचं-माझं गुपित आहे. त्यांच्या पांढऱ्या कोटाची शिलाई मी नेटकी करून दिली आहे, त्या फुटणार नाहीत.

त्या पंधरा मिनिटांबद्दल: तुझ्या नवऱ्याची आई असती तर तिने तुला तासभर भिंतीकडे बघू दिलं असतं. मी पुढच्या खोलीत मशीन चालवत बसायचो आणि मला वाटायचं, सूनबाई किती छान झोपवते पोरीला. आत येऊन विचारायला हवं होतं. आता मला तिला झोपवायची अक्कल आली आहे, तू परत आलीस तरी ती वाया घालवणार नाही.

सहीचं मला विचारू नकोस. अपराधी वाटतंय म्हणून काम सोडशील तर पुढे त्याचा राग पोरीवर काढशील. सुटका वाटतेय म्हणून थांबशील तर तेही बरं नाही. आधी आठ दिवस घरी ये. तिला झोपव. मग ठरव. साहेबांना सांग, सासऱ्यांचा हुकूम आहे.

आबा


१६ जून

आबा,

आठ दिवसांची रजा संपवून इथे सुखरूप पोचले. साहेबांनी कागदावर माझ्या हस्ताक्षरातली ओळ वाचली, "दर पाच आठवड्यांनी आठ दिवस रजा", आणि म्हणाले, हे इथे कोणी मागितलेलं नाही. मी म्हटलं, बोगदा मोजायला लहान मुलाची आई असलेली बाई तुम्ही आजवर ठेवलेली नव्हती. मग सही केली. मीही केली.

तुम्ही मला काही विचारलं नाहीत, म्हणून सांगते. पहिल्या दिवशी ती तुमच्या पायामागे लपून माझ्याकडे बघत होती, ते तुम्ही पाहिलंत. रात्री तुम्ही मुद्दाम बाहेरच्या बाकावर जाऊन बसलात, तेव्हा आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

दात घासून झाले, आडवी झाली आणि मला म्हणाली, "आई, बाटली." तुम्ही म्हणाला होतात, महिना झाला, नावसुद्धा काढत नाही. पण मला बघितल्यावर तिला ते आठवलं. माझ्याकडून तिला तेच मिळायचं ना. मी उठले, आबा. तुम्ही बाटली टाकून दिली नव्हती, बटणांच्या डब्यांमागे सापडली. दूध गॅसवर ठेवलं. मनात म्हटलं, एकच दिवस. आल्या आल्या तिच्याशी भांडण कशाला? ती माझ्याकडे आली तर पाहिजे.

दुधाला साय धरायला लागली तेव्हा लक्षात आलं की मी पुन्हा तीच पंधरा मिनिटं विकत घेतेय. गॅस बंद केला. परत जाऊन म्हटलं, "बाटली नाही. आई आहे." तिला हे मुळीच पटलं नाही. लाथा झाडल्या, माझ्या केसाला लोंबकळली. मी तिला धरून बसले. रडता रडता थांबली आणि तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, "आई जाणार?"

मार्चमध्ये मी निघाले तेव्हा पहाट होती आणि ती झोपेत होती. मला वाटलं होतं, तिला कळलंच नाही. या वेळी खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "हो, जाणार. आणि येणार." तिने माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "आत्ता नको." मी म्हटलं, "आत्ता नाही."

निघताना ती जागी होती. दारात जे रडली ते तुम्ही पाहिलंत. ट्रकमध्ये बसल्यावर कान बधिर झाले होते माझे. आता तुम्ही लिहा, मागाहून काय झालं. सगळं लिहा. चष्मेवाल्याचा रंग नको.

तुमची सूनबाई


२३ जून

सूनबाई,

सगळं लिहितो.

तू गेलीस त्या दिवशी ती जेवली नाही. दुपारी टेबलाखाली गेली ती बाहेर येईना. मीही चटई टाकून टेबलाखाली शिरलो. या वयात शिरता आलं, पण निघता येईना, मग चष्मेवाल्याला हाक मारावी लागली. तो येऊन मला पाय धरून ओढत होता तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

रात्री अंथरुणावर पडली आणि रडायला लागली. मोठ्याने, नाव घेऊन. आधी माझं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही, काहीतरी करून गप्प करावं असं व्हायचं. खेळणं दे, गोष्ट सांग, खिडकीतून दिवे दाखव. या वेळी काहीच केलं नाही. तिला मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकून बसलो. म्हटलं, रड बाळा. मलाही ती गेलेली आवडलेली नाही. हे ऐकून तिने मान वर करून माझ्या डोळ्यांना हात लावून बघितला, ओले आहेत का. होते.

दुसऱ्या दिवशी थोडं कमी. तिसऱ्या दिवशीही रडली. खोटं सांगत नाही, अजूनही एखाद्या रात्री रडते.

काल मात्र वेगळं झालं. दात घासून आली, आपणहून आडवी झाली. मी शेजारी पडलो. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात काळोखात म्हणाली, "आबा, आई येणार."

विचारत नव्हती ती. मला सांगत होती.

मी म्हटलं, "हो." मग माझ्याकडे पाठ करून झोपून गेली.

आबा